साखळी, आणे आणि ‘हरवलेला’ गुंठा

आमच्या सामाईक सर्व्हे नंबरबद्दल घरात एक समजूत घट्ट बसलेली होती. शेजारच्यानं बांध कोरून कोरून आपला गुंठाभर तरी गिळलाय. सातबाऱ्यावर लागवडीचं आणि पोटखराब्याचं (लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं) मिळून ०.५३ हेक्टर, म्हणजे त्रेपन्न आर; आणि टेप लावला की तेवढं काही भरत नाही. वाटणीचा विषय निघाला तसा हा गुंठा पुन्हा वर आला. कुणाच्या हिश्शातून तो वजा धरायचा?

भांडायला जाण्याआधी मूळ कागद वाचू, असं मी म्हटलं आणि ते काम अर्थातच माझ्याच गळ्यात पडलं. भूमी अभिलेखमधून जुन्या टिप्पणाची नक्कल काढली. टिप्पण म्हणजे त्या काळच्या मोजणीदारानं शेतात उभं राहून काढलेलं कच्चं रेखाटन. त्यात शेताच्या मधून जाणारी एक लांब रेषा, तिच्यावरून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांकडे काढलेले लंब, आणि प्रत्येक रेषेवर छोटे छोटे आकडे. आमच्या टिप्पणावर मधली रेषा १२-८, डावीकडचा लंब ४-८, उजवीकडचा ३-१२. चार बांधांच्या लांब्याही होत्या : ६-०, ९-१०, ६-६ आणि ८-४. मीटरचा किंवा फुटाचा कुठेच पत्ता नाही.

हे सगळं साखळी-आण्यात आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग आणि प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. १२-८ म्हणजे बारा साखळ्या आठ आणे, म्हणजे साडेबारा साखळ्या. इंग्रजी अमदानीत १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीच्या पाहणीला सुरुवात केली आणि मुंबई इलाख्यात एकर-गुंठ्यांचा हिशेब रुजत गेला. एडमंड गंटरची मूळ इंग्रजी साखळी ६६ फुटांची, म्हणजे बरोबर क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. आपली त्याच्या निम्मी. पण हे निम्मं करण्यात केवढी सोय साधली आहे, ते पुढे हिशेबाला बसल्यावर कळलं.

आकडेमोड पुतण्यानं अंगावर घेतली. त्यानं एक्सेल उघडलं आणि टिप्पणावर दिसतं तसं ९-१० टाइप केलं. पडद्यावर आलं ९ ऑक्टोबर. ८-४ चं झालं ८ एप्रिल, ६-६ चं ६ जून. बांधांच्या लांब्यांऐवजी सणवारांची यादी लागली म्हणून आम्ही खूप हसलो. मग त्यानं डॅश काढून टिंब दिलं, ९.१०. आता तारीख गेली, पण एक्सेलनं शेवटचं शून्य खाऊन ९.१ केलं आणि त्याला १०.०५८४ नं गुणून ९१.५३ मीटर असं उत्तर दिलं. ते दिसायला इतकं व्यवस्थित होतं की कुणी शंकाही घेतली नसती. खरं उत्तर आहे ९६.८१ मीटर. एका बांधावर सव्वापाच मीटरचा फरक! एवढ्यावर गावात दोन पिढ्या कोर्टात जातात.

तेव्हा पहिली गोष्ट ही की साखळी आणि आणे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे. मीटर काढायला साखळीला १०.०५८४ नं गुणायचं, आण्याला ०.६२८६५ नं, आणि बेरीज करायची. हे आकडे अंदाजाचे नाहीत. फूट ०.३०४८ मीटरचा, त्याचे ३३ पट म्हणजे १०.०५८४, त्याचा सोळावा भाग ०.६२८६५.

अप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, यातलं काहीच लागलं नाही. ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “आण्याचे दुप्पट फूट कर आणि पाऊणपट इंच.” दहा आणे म्हणजे वीस फूट साडेसात इंच. नऊ साखळ्यांचे २९७ फूट. एकूण ३१७ फूट साडेसात इंच. पुतण्यानं मोबाइलवर ताडून पाहिलं, तंतोतंत. आणा हा दोन फूट पाऊण इंचाचा असतो. सोळा आण्यांचे बत्तीस फूट झाले आणि सोळा वेळा पाऊण इंच म्हणजे बारा इंच, म्हणजे उरलेला तेहतिसावा फूट. अप्पांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घ्यायचे. आम्ही तिसापर्यंतच्या पाढ्यांवरच सुटलो.

आता क्षेत्र. मी सवयीनं सगळ्या लांब्यांचे मीटर करायला निघालो होतो. ओळखीच्या एका निवृत्त भूकरमापकांना, म्हणजे सरकारी मोजणीदारांना, फोन केला तर ते म्हणाले, “अहो, कशाला? साखळ्यांतच गुणा. शेवटी एकदाच काय ते बदला.” तसं केलं आणि त्या ३३ फुटांमागचं डोकं लक्षात आलं. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजेच एक गुंठा, १०८९ चौरस फूट. म्हणजे साखळीला साखळीनं गुणलं की उत्तर थेट गुंठ्यांतच येतं, मध्ये कोणताही गुणक नाही. आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट.

आमची मधली रेषा साडेबारा साखळ्या. दोन लंब साडेचार आणि पावणेचार, मिळून सव्वाआठ. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण, दोघांचा पाया तोच. म्हणून साडेबारा गुणिले सव्वाआठ, भागिले दोन : ५१.५६२५. एक्कावन्न गुंठे आणि वर नऊ आणे. एक एकर अकरा गुंठे नऊ आणे. कागदावर हे तीन ओळींत सुटलं.

इथला आणा मात्र लांबीचा आणा नव्हे. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, ६८ चौरस फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद अशी पट्टी डोळ्यांसमोर आणायची. आणा लांब नि आणा रुंद असा चौकोन धराल तर तो जेमतेम सव्वाचार चौरस फुटांचा, गुंठ्याचा दोनशे छप्पन्नावा भाग. आणि वारसाच्या कागदात ‘चार आणे हिस्सा’ असतो तो तिसराच. त्याला फूट-इंच काही नाही, तो फक्त पाव हिस्सा. आमच्याकडच्या एका जुन्या वाटणीपत्रात तिन्ही आणे एकाच पानावर आहेत. ते वाचताना प्रत्येक ओळीला थांबून हा कोणता आणा हे पेन्सिलीनं लिहीत गेलो, तेव्हा कुठे अर्थ लागला.

मग आले चुलत भाऊ, दादा. त्यांचं म्हणणं, “तू म्हणतोस एक्कावन्न, माझ्या हिशेबानं टिप्पणाचंच क्षेत्र पंचावन्न गुंठे येतं. म्हणजे गुंठा नाही, चार गुंठे गेलेत.” दादांची रीत गावात सर्रास चालते : समोरासमोरच्या दोन बांधांची सरासरी, दुसऱ्या दोन बांधांची सरासरी, आणि दोन्हींचा गुणाकार. सहा आणि सहा साखळ्या सहा आणे यांची सरासरी ६.१८७५, ९-१० आणि ८-४ यांची ८.९३७५. गुणाकार ५५.३०. दादांचं गणित चोख होतं. पण ही रीत चारही कोपरे काटकोनात असतील तरच खरी. शेत जितकं तिरकं तितका हा गुणाकार फुगतो, आणि तो नेहमी फुगतोच, कधी कमी येत नाही. चार काड्यांचा चौकोन करून तो बाजूला दाबला तर काड्यांची लांबी तीच राहते आणि आतली जागा घटते. दादांना मी हे काडेपेटीतल्या काड्या मांडून दाखवलं. नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरतच नाही, एक कर्ण तरी लागतोच. जुन्या मोजणीदारानं मधली रेषा उगाच काढलेली नाही.

तरी मला खात्री हवी होती की नकलेवरचे आकडे मी बरोबर वाचतोय. टिप्पणातच त्याचा ताळा लपलेला असतो. डावा लंब मधल्या रेषेवर ४-० या ठिकाणी पडतो असं लिहिलंय आणि त्याची उंची ४-८. चारचा वर्ग सोळा, साडेचारचा वर्ग सव्वावीस, बेरीज सव्वाछत्तीस, तिचं वर्गमूळ ६.०२. आणि त्या बांधावर लिहिलंय ६-०. फरक आण्याच्या एक तृतीयांशाचा, वीतभर. त्याच लंबाच्या दुसऱ्या बाजूचा बांध, उरलेल्या साडेआठ साखळ्या धरून, असाच काढला तर ९.६२ साखळ्या आल्या. कागदावर ९-१०, म्हणजे ९.६२५. काट्या-कुपाट्यांतून लोखंडी साखळी ओढत नेणाऱ्या त्या माणसांनी काय नेटकं काम केलंय! चारही बांध असे ताडून झाले आणि सगळे अर्ध्या आण्याच्या आत बसले.

आता मीटर. ५१.५६२५ गुंठ्यांना १.०११७ नं गुणलं की ५२.१७ आर. सातबाऱ्याच्या भाषेत ०.५२.१७. इथं एक सर्रास होणारी गल्लत सांगून ठेवतो. गुंठा म्हणजेच आर असं धरून लोक बोलतात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. छोट्या तुकड्याला चालून जातं, पण हेक्टरला १०० नव्हे तर ९८.८४ गुंठे होतात. आमच्या एवढ्याशा नंबरातही त्या समजुतीनं साठ चौरस मीटर इकडचे तिकडे होतात, म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी.

पण टिप्पणानं ५२.१७ आर येत असतील तर सातबाऱ्यावर ५३ कुठून आले? जुना आकारबंद, म्हणजे प्रत्येक सर्व्हे नंबराचं क्षेत्र आणि आकारणी नोंदलेला सरकारी कागद, काढून पाहिला. तिथं एक एकर बारा गुंठे. एक्कावन्न गुंठे नऊ आण्यांतले नऊ आणे निम्म्याच्या वर, म्हणून पूर्ण गुंठा धरून बावन्न झाले. पुढे मेट्रिक आलं तेव्हा त्या बावन्न गुंठ्यांचे ५२.६१ आर झाले आणि पुन्हा पूर्णांकात धरताना ५३. दोनदा पूर्णांक केला आणि दोन्ही वेळा वरच्या बाजूला. ८३ चौरस मीटर जमीन कुणाच्याही शेतात नसताना कागदावर उगवली. यात कुणाची लबाडी नाही. शेजारच्या नंबराला हेच उलट्या दिशेनंही झालेलं असू शकतं.

मग एका सकाळी दादा, पुतण्या आणि मी टेप घेऊन शेतात गेलो. तीस मीटरचा फायबरचा टेप, बांबूच्या काठ्या आणि चुन्याची पिशवी. चारपैकी तीन दगड जागेवर होते, चौथा करवंदीच्या जाळीत अर्धा गाडलेला सापडला. उताराच्या बाजूला टेप जमिनीवर टाकून मोजायचा नाही, आडवा ताणून धरायचा आणि टोकाला ओळंबा सोडून खाली खूण करायची. उतार तीव्र असेल तर थोडं थोडं अंतर पायरीपायरीनं घ्यायचं. टिप्पणावरची लांबी ही क्षितिजसमांतर लांबी असते, मातीवरून चालत गेलेल्याची नव्हे. लंबासाठी काटकोन हवा, त्याला तीन-चार-पाचची जुनी युक्ती पुरते : दोरीला गाठी मारून तीन, चार आणि पाच मीटर बाजूंचा त्रिकोण ताणला की काटकोन तयार.

मधली रेषा १२५.४० मीटर भरली. टिप्पणाप्रमाणे हवी १२५.७३. लंब ४५.१० आणि ३७.७०, हवेत ४५.२६ आणि ३७.७२. क्षेत्र आलं ५१.९२ आर. टिप्पणापेक्षा पंचवीस चौरस मीटर कमी.

दादा लगेच म्हणाले, “म्हणजे पंचवीस तरी गेलेच की!” त्यांना मी टिप्पण पुन्हा दाखवलं. त्यावर आण्याच्या खालचा एकही आकडा नाही. मोजणीदारानं जवळचा आणा धरलाय, म्हणजे प्रत्येक लांबीत अर्ध्या आण्याची, एकतीस सेंटिमीटरची, ढील मुळातच आहे. मधल्या रेषेत तेवढा फरक पडला तर क्षेत्र तेरा चौरस मीटरनं हलतं, एका लंबात पडला तर वीसनं. त्यात वापरून वापरून साखळीच्या कड्या झिजतात नि ती लांबते, आमचा टेपही कुठे ढिला पडलेला असेल. १२५.७३ असा आकडा एक्सेलमध्ये दिसतो म्हणून तो सेंटिमीटरपर्यंत खरा होत नाही. मूळ कागदावर तो फक्त १२-८ आहे.

हिशेब मांडला तो असा. सातबारा ५३, आमचा टेप ५१.९२, तफावत १०८ चौरस मीटर, गुंठ्याहून थोडी जास्त. हाच तो गुंठा. त्यातले ८३ पूर्णांकात धरण्याचे, २५ मोजणीच्या ढिलीतले. बांध कोरल्याचा पुरावा यात कुठेच निघत नाही. दादा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग एवढी वर्षं आम्ही त्याच्याशी बोलत नाही ते?” त्यावर अप्पांनी नुसतंच तंबाखूची डबी पुढे केली.

पूर्णांक कधी करायचा यावरून पुतण्यानं एक प्रयोग करून पाहिला. लांब्या आधीच पूर्ण मीटरमध्ये बसवल्या, १२६, ४५ आणि ३८, तर क्षेत्र येतं ५२.२९ आर. नुसत्या घाईनं बारा चौरस मीटर वाढले. त्यामुळे आता त्याच्या शीटमध्ये मीटर शेवटच्या रकान्यात आहेत, त्याआधी सगळं साखळ्यांत.

गावनकाशाच्या बाबतीत वेगळी काळजी. आमच्या नकलेवर एक इंचाला दहा साखळ्या असं प्रमाण आहे. दहा साखळ्या म्हणजे ३३० फूट, ३९६० इंच, म्हणून १:३९६०. पट्टी लावून लांबी काढता येते, पण झेरॉक्सवर भरवसा ठेवू नये. पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ असा पर्याय निवडलेला असला की नकाशा दोन-तीन टक्के आकसतो आणि तुमचं शेतही. आधी खालची प्रमाणपट्टी मोजायची. ती इंचाला इंच भरली तरच पुढे जायचं. कालव्याच्या कागदांत ‘सा. क्र. १२/४५०’ असं दिसतं, तिथे ३३ फूट लावू नयेत. आताच्या कागदांत तो किलोमीटर १२ आणि वर ४५० मीटर असतो. जुन्या इंजिनिअरी आराखड्यांत तर शंभर फुटांची साखळीही भेटते. कागद कोणत्या खात्याचा आणि कोणत्या काळातला, हे पाहिल्याशिवाय गुणक उचलायचा नाही.

घरातला एक मोडी कागद मात्र मी तसाच ठेवला. त्यात बिघे, पांड आणि काठ्या आहेत. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, इथपर्यंत ठीक. पण काठी केवढी? शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची, ८२ तसूंची होती असं आपण वाचतो. आमच्या कागदातली काठी तीच होती असं म्हणायला काहीही आधार नाही. गावोगाव काठी बदलायची. त्या बिघ्यांचे आर करून आकडा मिळेल, पण तो जमिनीचा नसेल. वाटणीच्या फायलीत ते पान ‘बिघे, पांड, काठ्या’ असंच लावलंय.

पुढे रीतसर पोटहिस्सा मोजणीचा अर्ज केला. आमची टेपची मोजणी फक्त आमच्या समाधानासाठी. हद्द कायम करायला भूकरमापकच लागतो. ते रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा टिपणारं यंत्र, घेऊन आले, दगडांवर ते धरलं, आणि आमच्या शीटकडे बघून “हे चांगलं केलंत” एवढंच म्हणाले. त्यांनी टिप्पण स्वतः पुन्हा वाचलं, आमचे आकडे घेतले नाहीत. तेच बरोबर आहे.

मोजणीच्या दिवशी शेजारीही नोटीस मिळाल्यामुळे आले होते. दुपारी चहाला थांबले आणि जाताना त्यांच्या नंबराच्या टिप्पणाची नक्कल पुतण्याकडे देऊन गेले. शाई उडालेली, एक लांबी १४-११ आहे की १४-१९ तेच कळेना. मोडक्या अक्षरात एक आणि नऊ सारखेच दिसतात. पुतण्यानं क्षणभर पाहिलं आणि ११ लिहिलं. आण्याच्या घरात पंधराच्या वर आकडा येतच नाही.